बादशाच्या नावावरची वासरं

संघाची वही गाईनं खाल्ली हे मला कळलं तेव्हा माझ्या तोंडात कडुलिंबाची काडी होती. बुधवार होता. माघातली विक्री बारा दिवसांवर आली होती. गोठ्यातून प्रयागची, माझ्या बायकोची, हाक आली. हाक घाईची नव्हती. भाकरी झाली, या, असं सांगावं तशी होती.

गेलो तर चंद्री गव्हाणीपाशी उभी होती आणि तिच्या तोंडातून हिरव्या कापडाची पट्टी लोंबत होती. ते कापड मी लगेच ओळखलं. चौदा वर्षं ते माझ्या हाताखाली होतं. गव्हाणीत पुठ्ठ्याचा एक ओला तुकडा, शिवणीचा दोरा आणि कोऱ्या कागदाचा थोडा लगदा, एवढंच उरलं होतं.

"ही वही होय?" मी विचारलं.

"होती," प्रयाग म्हणाली.

मी चंद्रीचं तोंड उघडायला गेलो. तिनं मान फिरवली आणि राहिलेली पट्टीही गिळली. प्रयागनं मला आठवण करून दिली की काल संध्याकाळी मीच चंद्रीचं नवं वासरू लिहायला वही गोठ्यात आणली होती आणि फळीवर ठेवली होती. आणल्याचं मला आठवत होतं. परत नेल्याचं आठवत नव्हतं. आणि चंद्रीचा कागदाचा नाद गावाला ठाऊक होता. तिनं आमचं कॅलेंडर खाल्लं होतं, एका उमेदवाराचं चित्र खाल्लं होतं, आणि एकदा लग्नाची पत्रिका, कुणाचं लग्न ते वाचायच्या आधी.

मी तिथंच कडब्याच्या पेंढीवर बसलो.

आमचा बोरतळ्याचा देवणी गोपालक संघ बावीस गावांचा. उदगीरच्या पट्ट्यातली ही गाय, पांढरं अंग, काळे गाल, लांब पडलेले कान. मी संघाचा चिटणीस. संघाची खरी मालमत्ता म्हणजे ती वही. प्रत्येक जनावराची आई, बाप, आईची आई, सगळं तीत माझ्या अक्षरात होतं. विक्रीच्या दिवशी मालक जनावर रिंगणात आणायचा, मी बैलगाडीवर उभा राहून त्याच्या पिढ्या मोठ्यानं वाचायचो. याला आम्ही पुकारा म्हणायचो. पुकारा झाल्याशिवाय कुणी किंमत विचारायची नाही अशी रीत होती. बिदरचे, निजामाबादचे लोक त्या पुकाऱ्यावर विश्वास ठेवून जनावर न्यायचे.

त्या वर्षी तर सरकारी वळू केंद्राचे डॉक्टर अन्सारी स्वतः वळू निवडायला येणार होते. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की पिढ्यांची नोंद असल्याशिवाय जनावर घेतलं जाणार नाही. आणि माझ्या दावणीला हिरामण होता. साडेतीन वर्षांचा, अंगावर एक डाग नाही, वशिंड असं की गावातली पोरं बघायला यायची. आपल्या गोठ्यातला वळू सरकारी केंद्रात जावा ही माझी फार दिवसांची इच्छा होती. माझ्याजवळ दोन घटका बसलेल्या प्रत्येक माणसाला ती माहीत होती. हिरामणचा पुकारा मला पाठ होता. आई गौळण, बाप बादशा.

बादशा म्हणजे आमचे अध्यक्ष दौलतराव देशमुख यांचा वळू. त्यांचं हिप्परगा बोरतळ्याहून चार कोस. पाच वर्षांत वहीत बादशाच्या नावावर सत्तेचाळीस वासरं लागली होती. कुणाच्याही गोठ्यात जा, वासराकडे बोट दाखवून मालक एकच नाव सांगायचा.

वळू आमच्या गावातही होता. ग्यानबा केंद्रेचा ठिपक्या. त्याचं रान माझ्या रानाला लागून. पण ठिपक्याच्या पाठीवर तळहाताएवढा काळा डाग होता, आणि पाठीवर डाग असलेलं जनावर वहीत घ्यायचं नाही असा संघाचा नियम होता. नियम मीच लिहिला होता. भर सभेत ठिपक्याचं नाव मीच खोडलं होतं. तेव्हापासून ग्यानबा विक्रीला आला नाही आणि माझ्याशी बोलला नाही. काही सांगायचंच झालं तर तो बांधावर उभा राहून आपल्या पाखऱ्या बैलाला सांगायचा. "पाखऱ्या, काही लोकांचं पाणी आपल्या रानात फुटलंय बरं का." मग मी जाऊन पाट बांधायचो.

तर त्या बुधवारी मी सायकल काढून हिप्परग्याला गेलो. दौलतरावांनी ऐकून घेतलं, बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "व्यंकटराव, विक्री पुढं ढकला." मी म्हणालो, डॉक्टर वर्षभर पुन्हा यायचे नाहीत. मग ते म्हणाले, आठवून लिहा. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. दुपारी संघाचे आठ-दहा सभासद गोळा केले आणि आठवायला बसलो. बापाच्या नावाची अडचण नव्हती, सगळ्यांचा बाप बादशाच होता. अडचण आयांची होती. कपिला कुणाची, कपिलाची आई कोण, ती सांगवीहून आणली की बाजारातून, यावर कुणाचं कुणाशी जमेना. दिवस मावळेपर्यंत एकतीस जनावरं झाली आणि दोन सभासद एकमेकांशी बोलायचे बंद झाले.

घरी आलो. प्रयागनं ताट वाढलं.

"बायांना इचारा," ती म्हणाली.

"कुणाच्या बायांना?"

"ज्यांच्या गाई हायत त्यांच्या. गाय माजावर आली की वळूकडं कोण नेतं?"

मी म्हणालो, गडीमाणसं नेतात.

"तुमी शेवटचं कधी नेलती?"

मी घास हातात धरून आठवायला लागलो. वर्षं मागं मागं जात राहिली. मी गाईंसाठी सभा घेत होतो, पत्रं लिहीत होतो, परभणीला जात होतो. गाय वळूकडं नेल्याचं काही आठवेना. प्रयागनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, आतल्या खोलीत गेली आणि एक नवी कोरी वही आणून माझ्यापुढं ठेवली. लांबरुंद, जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानांची.

"ही कुठली?"

"भजनी मंडळाला आणलती. घ्या तुमी."

मी घेतली. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

शनिवारी संघाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाया जमल्या. मला दहा-बारा येतील असं वाटलं होतं. साठेक आल्या. गाड्या जुंपून आल्या, टेंपो करून आल्या, डबे घेऊन आल्या. पुरुष बाहेर लिंबाखाली बसले. आम्ही साक्षीला आहोत, असं ते म्हणत होते. मी टेबलाशी वही उघडून बसलो आणि प्रयाग माझ्या शेजारी. पुढच्या रांगेत ग्यानबाची बायको सुंदराबाई येऊन बसली. तिचं घर संघाचं सभासद नव्हतं. मी तसं म्हणणार होतो, तेवढ्यात प्रयागनं माझ्याकडं पाहिलं आणि मी पेनचं टोपण काढलं.

पहिली सांगवीची काशीबाई उठली. तिच्या रतन गाईची आई, आईची आई, तिची आई, अशा चार पिढ्या तिनं पाणी ओतावं तशा सांगितल्या. कोणती कुठल्या सणाला व्याली, कोणतीचं पहिलं वासरू गेलं, कोणती लाथ मारायची. माझी थोरली रांगत होती तेव्हा, धाकट्या दिराचं लग्न झालं त्या साली, असे तिचे हिशेब होते आणि ते पक्के होते. माझी पेन थांबत नव्हती. चौदा वर्षांच्या जुन्या वहीत तीनच पिढ्या होत्या.

"आणि बाप?" मी विचारलं.

काशीबाईनं प्रयागकडं पाहिलं. "वहीत काय होतं?"

"बादशा."

"मग बादशा लिवा."

"काशे," प्रयाग म्हणाली, "वही न्हाई आता. गाईनं खाल्ली. खरं काय ते सांग."

काशीबाईनं पदर तोंडाला लावला. हसते की लाजते ते कळेना. "ठिपक्या," ती म्हणाली.

बाहेर लिंबाखाली तिचा नवरा उभा राहिला. "अगं, मी तुला हिप्परग्याला धाडलं होतं."

"धाडलं होतं की. चार कोस. कडंवर पोरगी, हातात माजावरची गाय. तुमी संगं आला असता तर गेले असते."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. कुणी त्याच्या बाजूनं काही बोललं नाही. तो खाली बसला.

मग बांध फुटल्यासारखं झालं. हाळणीच्या चौघी, बोरगावच्या तिघी, आमच्याच गावच्या पाच. मी नाव विचारायचो आणि ठिपक्या लिहायचो. का, ते त्या आपणहून सांगत होत्या. बादशा मारका, एका गाईचा खुबा त्यानं कायमचा आखडवला होता. देशमुखांच्या वाड्यापुढं उन्हात उभं राहावं लागायचं, गडी सवडीनं यायचा. ठिपक्या गरीब, शिवाय वाटेत. सुंदराबाई गाईला पाणी दाखवायची, बाईला चहा द्यायची. घरी जाऊन नवऱ्याला सांगायचं, जाऊन आले. नवरा माझ्याकडं येऊन सांगायचा, बादशा. मी लिहायचो, बादशा. वासरू डागाचं निघालं तर बाजारात जायचं, बिनडागाचं निघालं तर पुकाऱ्याला यायचं.

बाहेरचे पुरुष आधी कुजबुजत होते. मग गप्प झाले. शेवटी शेवटी कुठलं नाव येतंय ते बघून हसायला लागले, दुसऱ्याच्या बायकोचा नंबर असला की जास्त.

दिवस कलताना सत्तेचाळिसांपैकी सेहेचाळिसांचा हिशेब लागला. बादशाची नऊ. ठिपक्याची सदतीस.

तशी एक नोंद राहिली होती, माझी. तिच्यासाठी मी कुणाला विचारणार नव्हतो. हिरामण, आई गौळण, असं लिहून पेन आपोआप पुढच्या रकान्यात गेली. प्रयागनं पानावर बोट ठेवलं.

"थांबा," ती म्हणाली.

सगळ्या बाया प्रयागकडं बघायला लागल्या. मला वाटतं, माझ्याखेरीज तिथं सगळ्यांना माहीत होतं.

तिनं सांगितलं ते असं. मी परभणीला तीन दिवसांच्या बैठकीला गेलो होतो. गौळण माजावर आली. प्रयाग तिला घेऊन हिप्परग्याला निघाली, मनात दुसरं काही नव्हतं. ग्यानबाच्या बांधापाशी गौळण वळली. "मी कासरा धरून मागं वढतेय," प्रयाग म्हणाली, "आन् ती मला घेऊन चाललीय. मी तिला न्हाई नेलं. तिनं मला नेलं."

"माझं फाटक मोडून आत आली," सुंदराबाई म्हणाली. "अजून दोरीनं बांधलेलं हाय."

बाया हसल्या. मी हसलो नाही.

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की. तीनदा." तिनं माझ्यासमोर बोटांवर मोजलं. "परभणीहून आला, पाय धुवायच्या आदी वही काढून बाप लिवला. मी म्हन्लं, अहो ऐका. तुमी म्हन्ला, लिहून झालं. वासरू झालं तवा सांगितलं. तुमी म्हन्ला, वहीत बादशा हाय. यंदा दिवाळीत सांगितलं. तवा तुमी वही उघडून मलाच दाखवली."

तिसरी वेळ मला आठवत होती. मी खरंच उघडून दाखवली होती.

तो रकाना त्या दिवशी मी कोरा ठेवला. घरी आलो. गोठ्यात गेलो आणि हिरामणला सगळ्या बाजूंनी पाहिलं. डाग नव्हता. प्रयाग धार काढायला बसली होती. मी तिला म्हणालो की ठिपक्या वहीत नाही, बाप म्हणून त्याचं नाव लिहिलं तर नियमानं हिरामण पुकाऱ्याला उभाच राहू शकत नाही. हिरामण धरून अडतीसच्या अडतीस गेली. डॉक्टर येऊन काय बघणार?

"नियम कुणी केला?"

"मी."

"मग," ती म्हणाली, आणि पुन्हा धारेला लागली. चरवी भरत आल्यावर म्हणाली, "दूध कुणाच्या लेकी जास्त देत्यात ते इचारलं का बायांना?"

ते मी विचारलं नव्हतं. पुढचे दोन दिवस सायकलवर गावोगाव फिरून विचारलं, आणि या वेळी थेट बायांना. ठिपक्याच्या लेकी बादशाच्या लेकींपेक्षा लिटरभर जास्त देत होत्या. चौदा वर्षं मी पाठीवरचे डाग पाहत होतो.

मंगळवारी ग्यानबाच्या रानात गेलो. तो विहिरीपाशी बैल पाजत होता. मला पाहून त्यानं पाखऱ्याच्या मानेवर थाप मारली.

"पाखऱ्या, आज पाट फुटला न्हाई, तरी पाव्हनं आल्यात."

मी म्हणालो, ठिपक्याला वहीत घ्यायचंय. त्याचा जन्म, त्याची आई, सगळं सांग.

"इचार त्यांना," तो पाखऱ्याला म्हणाला, "ठिपक्याच्या पाठीवरचा डाग गेला का म्हनावं."

"डाग आहे," मी म्हणालो. "नियम गेला. परवा सभेत जाईल."

ग्यानबा बराच वेळ बैलाच्या कानातली गोचीड काढत राहिला. मग त्यानं अट घातली, तीही पाखऱ्यामार्फत. विक्रीच्या दिवशी ठिपक्या रिंगणाजवळ उभा राहील आणि चिटणीस गाडीवरून त्याचं नाव वाचतील. मोठ्यानं. बावीस गावांसमोर. मी होय म्हणालो. मग तो ठिपक्याच्या आईचं नाव आठवायला लागला, आठवेना, आणि शेवटी त्यानं घराकडं तोंड करून सुंदराबाईला हाक मारली.

गुरुवारची सभा दहा मिनिटांत आटोपली. घरोघर ती आधीच झाली होती. दौलतराव नाराज दिसले, पण विरोधात एकटाच हात वर करायचा कसा, म्हणून त्यांनीही केला नाही. डागाचा नियम मी लिहिला होता तसा मीच खोडला.

तरीही खरं सांगतो, विक्रीच्या सकाळी मी गाडीवर चढायचं लांबवत होतो. सभेत नियम खोडणं वेगळं आणि गाडीवर उभं राहून वाचणं वेगळं. बिदरचे लोक आले होते, निजामाबादचे आले होते. हिरामणच्या बापाचं नाव चार वर्षं मी त्या सगळ्यांना सांगत आलो होतो. आता त्यांच्यासमोर म्हणायचं होतं की मला माझ्या गोठ्यातलं माहीत नव्हतं. नवी वही काखेत घेऊन मी गाडीवर चढलो. हिरामणचा रकाना अजून कोराच होता. प्रयागनं खालून पेन वर दिली. मी लिहिलं.

डॉक्टर अन्सारी उंच, कमी बोलणारा माणूस. खुर्ची दिली तर बसला नाही, रिंगणाच्या कडेनं फिरत राहिला. मी एकेक पुकारा वाचत गेलो. ठिपक्याचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा गर्दीत जरा चुळबुळ झाली. सातव्या-आठव्या वेळी लोक माझ्याआधीच म्हणायला लागले. मी आईचं नाव वाचलं की गर्दी बाप सांगायची. रिंगणाबाहेर म्हातारा ठिपक्या शिंगांना गोंडे बांधून उभा होता आणि त्याच्या शेजारी ग्यानबा, नव्या पटक्यात.

मग हिरामणची पाळी आली. मी गाडीवर असल्यानं त्याला प्रयागनं रिंगणात आणलं. आमच्या विक्रीत बाईनं वळू आणण्याची ती पहिली वेळ. या वेळी माझ्याआधी कुणी काही म्हणेना.

"हिरामण," मी वाचलं. "आई गौळण. गौळणीची आई पारू. बाप ठिपक्या, मालक ग्यानबा केंद्रे, बोरतळा."

"चिटणीस," ग्यानबा म्हणाला. पाच वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी. "परत वाचा. वारं हाय, ऐकू आलं न्हाई."

वारं अजिबात नव्हतं. मी परत वाचलं.

"बापाचं नाव तेवढं आणखी एकदा."

"ठिपक्या," मी म्हणालो, इतक्या मोठ्यानं की म्हाताऱ्या ठिपक्यानं मान वर केली. मग मात्र सगळं रिंगण हसलं, बिदरचे लोकही हसले, आणि मलाही हसू आवरलं नाही.

डॉक्टर अन्सारी रिंगणात उतरले. त्यांनी हिरामणला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, चालवून पाहिलं. खाली वाकून बराच वेळ मागच्या पायांकडं पाहत राहिले. उठले आणि मान हलवली.

"मागचे पाय आत वळतात," ते म्हणाले. "केंद्राला नाही चालणार."

मी गाडीवरून उतरलो. "आणि बाप?" मी विचारलं. "बापाचं काही?"

"बाप तो समोर उभा आहे ना? चांगला आहे. वय झालं म्हणून, नाहीतर त्यालाच नेला असता." त्यांनी ठिपक्याला सावकाश पाहिलं आणि ग्यानबाला विचारलं की याचा पोरगा घरी आहे का. होता. ग्यानबानं पाच वर्षं तो कुणाला दाखवला नव्हता. धावत जाऊन त्यानं शंभूला आणलं. पाठीवर वडिलांसारखाच तळहाताएवढा डाग. डॉक्टरांनी त्या दिवशी सहा वळू निवडले, त्यात पहिला शंभू. सहातले चार ठिपक्याचे.

ग्यानबा माझ्याजवळ आला. मला वाटलं आता आणखी काही ऐकावं लागणार.

"चिटणीस," तो म्हणाला, "मागचा पाय तुमच्या गौळणीचा. आमच्याकडचा दोष न्हाई." मग त्यानं पटका सारखा केला. "घरी या उद्या. चहाला."

परतताना गाडीच्या मागं हिरामण बांधलेला, पुढं मी आणि प्रयाग. ओढ्यापाशी ती हसायला लागली. इतकी की मला गाडी थांबवावी लागली.

"चार वर्षं," ती म्हणाली, "बाप, बाप, बाप. आन् त्यानं पाय बघितला."

हिरामण घरीच राहिला. अकरा वर्षं जगला. त्याच्या लेकी आजही आठ-दहा गावांत आहेत. पाय थोडे आत वळतात, दूध चांगलं देतात. पुढच्या वर्षापासून नोंद सांगायला बाया येऊ लागल्या, आणि पुकाऱ्यात चार पिढ्या झाल्या. ग्यानबाकडं मी चहाला गेलो, आणि तो असेपर्यंत जात राहिलो.

प्रयाग मागच्या श्रावणात गेली. तापाचं निमित्त, आठ दिवस. बेचाळीस वर्षांचा संसार. तेराव्याला सुंदराबाई आली होती. आता तिला दिसत नाही, नातवाच्या बायकोचा हात धरून आली. बराच वेळ माझ्याजवळ बसली आणि उठताना म्हणाली, "वही सापडली का?" मला वाटलं वयानं विसरभोळी झाली असेल. नवी वही तर कपाटात होती. मी हो म्हणालो.

दिवाळीनंतर लेक मंगल लातूरहून आली आणि आईची पेटी आवरायला बसली. साड्यांच्या खाली, दुलईच्या कापडात बांधलेलं काही लागलं. तिनं ते माझ्याकडं आणून दिलं. सोडून पाहिलं. संघाची जुनी वही. वरचं हिरवं कापड आणि पुठ्ठा नाही, शेवटची काही कोरी पानं नाहीत. बाकी पहिल्या पानापासून माझ्या शेवटच्या नोंदीपर्यंत सगळी होती. एकाही पानाला गाईचा दात लागलेला नव्हता.

मी ती मांडीवर घेऊन बसून राहिलो. भजनी मंडळाची वही आठवली. प्रयागखेरीज मंडळातल्या एकाही बाईला वाचता येत नव्हतं, सगळं पाठ होतं. गोठ्यातून आलेली ती हाक आठवली. मंगलनं विचारलं, "बाबा, काय हसताय?" मी तिला सांगितलं. आम्ही दोघं हसलो, मग तिला रडू आलं, मग मला.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून मी वही पानापानानं पाहिली. प्रयाग चौथीपर्यंत शिकलेली, जोडाक्षरं तिला जड जायची, पण बादशा हे नाव तिला वाचता येत होतं. जिथं बादशा चुकीचा होता तिथं तिनं काजळाचं बोट टेकवलं होतं. लहान, गोल, नीट. म्हणजे चंद्रीपुढं पुठ्ठा टाकण्याआधीच तिनं वही सगळी तपासली होती. मी खुणा मोजल्या. परत मोजल्या. नव्या वहीशी ताडून पाहिल्या.

नव्या वहीत आम्ही अडतीस नावं दुरुस्त केली होती. खुणा एक्केचाळीस आहेत.

त्या तीन गाई कुठल्या ते मला माहीत आहे. एक हाळणीची, दोन बोरगावच्या. त्यांच्या मालकिणींनी त्या शनिवारी शेडमध्ये बादशाच सांगितलं होतं, आणि शेजारी बसलेल्या प्रयागनं त्यांना टोकलं नव्हतं. का, ते मला ठाऊक नाही. त्या दोघीतिघी आता नाहीत. सुंदराबाई आहे.

नव्या वहीतल्या त्या तीन जागा अजून तशाच आहेत. सुंदराबाईकडं जायचं राहिलं आहे.